एडिंबरातली ढोबळी मिरची: बी टाकल्यापासून लाल होईपर्यंतच्या नोंदी

१ फेब्रुवारी

गेल्या वर्षीचा हिशोब आधी लिहून ठेवते म्हणजे यंदा परत तेच नको. गेल्या वर्षी बी टाकलं ८ एप्रिलला, रोपं छान झाली, फुलं ऑगस्टमध्ये आली आणि ऑक्टोबर उजाडला तेव्हा झाडावर लिंबाएवढ्या हिरव्या गाठी, त्यांचं पुढे काहीच झालं नाही. मला लाल हवीये. दुकानात लाल मिळतेच, पण आपल्या झाडावर आपल्या डोळ्यांसमोर लाल झालेली खायचीये, तीन वर्षं हेच डोक्यात आहे.

म्हणून यंदा उलटं मोजत आले. इथे सप्टेंबर संपला की ऊन संपलं समजायचं. फळ धरल्यापासून पूर्ण वाढून हिरवं व्हायला साधारण ५-६ आठवडे, तेच लाल व्हायला अजून ३-४, थंडीत जास्तच. म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत फळ धरलं पाहिजे, म्हणजे जूनअखेर फुलं पाहिजेत, म्हणजे जूनच्या सुरुवातीला रोप ग्रीनहाऊसमध्ये जाईल तेव्हाच त्याच्यावर कळ्या दिसायला हव्यात. एवढं सगळं मागे मोजलं की पेरणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येते. पाकिटावर ६५ दिवस, ७५ दिवस असं छापलेलं असतं ना, ते पेरणीपासूनचे दिवस नसतात, रोप कायमच्या जागी लावल्यापासूनचे असतात, आणि तेही चांगल्या उबदार हवेतले. गेल्या वर्षी हे माहीत नव्हतं, सगळा घोटाळा तिथेच झाला.

जागा अशी आहे: एडिंबराच्या लीथ भागातला पहिल्या मजल्यावरचा जुना दगडी फ्लॅट, नैऋत्येला एक मोठी खिडकी, आणि मागच्या सामाईक हिरवळीवर तळमजल्यावरच्या आजोबांचं ६ बाय ४ फुटांचं ग्रीनहाऊस, त्यात हीटर वगैरे नाही. अर्धी बाजू ते मला वापरू देतात. आपण ५६ अंश उत्तरेला आहोत, आत्ता दिवस साडेआठ तासांच्या आसपास आणि जुलैत सुद्धा दुपारचं सरासरी तापमान १९ अंशांच्या पुढे फार जात नाही.

बी तीन जातींचं. जिप्सी एफ-१ (एफ-१ म्हणजे संकरित), ही निमुळती, आधी फिकट पोपटी मग केशरी मग लाल, १९८१ सालची ऑल-अमेरिका सिलेक्शन्सची (अमेरिकेतली नवीन वाणांची स्पर्धा) विजेती आणि लवकर येणारी म्हणून माझा सगळा भरवसा हिच्यावर. कॅलिफोर्निया वंडर, १९२८ पासूनची जुनी जात, हीच खरी आपल्या डोळ्यासमोर येते ती चौकोनी जाड सालीची ढोबळी. आणि रेडस्किन एफ-१, बुटकी, कुंडीसाठी.

१० फेब्रुवारी

पेरलं. जिप्सी ८, कॅलिफोर्निया ८, रेडस्किन ६, एकूण २२.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं, ही अण्णांची सवय. अण्णा म्हणजे माझे वडील, जुन्नर तालुक्यात आमचं शेत आहे, शेडनेटमध्ये (सावलीच्या जाळीखाली) बरीच वर्षं ढोबळी केलीये, इंद्रा नावाची जात जास्त करून. सेल-ट्रेमध्ये बारीक चाळलेलं बी-पेरणीचं कंपोस्ट, अर्धा सेंटिमीटर खोल बी, वरून व्हर्मिक्युलाईटचा (ओल धरणारे हलके खनिज कण) पातळ थर. ट्रे गरम होणाऱ्या प्रोपगेटरमध्ये, म्हणजे बी उगवायच्या झाकणाच्या पेटीत ठेवला, थर्मोस्टॅट २७ वर.

हा प्रोपगेटर यंदा मुद्दाम घेतला. मातीत खुपसायचा थर्मामीटर आहे माझ्याकडे, तो आठवडाभर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेल्या कुंडीत लावून बघितलं, पहाटे ११-१२ अंश. मिरचीचं बी २५ ते २९ मध्ये आठवड्या-दोन आठवड्यात उगवतं आणि १५ च्या खाली नुसतं पडून राहतं, ओल्या मातीत पडून राहिलं की कुजतं. आपल्याकडे हा विचारच करावा लागत नाही, फेब्रुवारीतली जुन्नरची दुपार म्हणजेच प्रोपगेटर.

१९ फेब्रुवारी

नवव्या दिवशी सकाळी पहिलं! जिप्सी. मान वाकवून वर येतं, दोरा मातीतून ओढून काढल्यासारखा पांढरट फास दिसतो आधी, मग संध्याकाळपर्यंत मान सरळ. एका रोपाच्या बीचं टरफल पानांच्या टोकाला टोपीसारखं अडकून बसलं होतं, दोन्ही दलं (बीतून येणारी पहिली पानं) आतच मिटलेली, त्यावर पाण्याचा थेंब ठेवून अर्धा तास थांबले आणि टूथपिकच्या टोकाने हळूच ढकललं, निघालं. कोरडं असताना ओढलं असतं तर दलं तुटून आली असती.

उगवलेलं लगेच एलईडी लाईटखाली, पानांपासून वीतभरापेक्षाही कमी अंतरावर, टायमरवर १५ तास. एक दिवस उशीर केला तरी रोप उंच आणि लेचंपेचं होतं.

२७ फेब्रुवारी

वाईट दिवस. २२ पैकी १७ उगवली होती (जिप्सी ७, कॅलिफोर्निया ५, रेडस्किन ५) आणि आज सकाळी त्यातली ५ आडवी. खोड मातीला लागतं तिथेच चिमटीत धरून पिळल्यासारखं बारीक आणि पाणीदार झालेलं, वरची पानं मात्र अजून हिरवीगार, त्यामुळे जास्तच वाईट वाटतं बघताना.

रोप कोलमडणे म्हणतात तेच हे, ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की बुरशी करते. चूक माझीच, शेवटची बी उगवायची वाट बघत झाकण बंद ठेवलं आणि वरून पाणी घालत राहिले, झाकणाला आतून थेंब लोंबत होते. आजपासून झाकण काढलं, प्रोपगेटर २० वर आणला, पाणी फक्त खालच्या ट्रेमधून, १० मिनिटं शोषू द्यायचं आणि उरलेलं ओतून टाकायचं, आणि छोटा टेबलफॅन समोरच्या भिंतीकडे तोंड करून मंद लावला. दालचिनीची पूड भुरभुरा असं बरेच जण सांगतात, मी नाही केलं, हवा आणि कोरडा पृष्ठभाग एवढ्यावरच भर.

उरली १२. जिप्सी ५, कॅलिफोर्निया ४, रेडस्किन ३.

१६ मार्च

बाराच्या बारा टिकली. आज ९ सेंटिमीटरच्या कुंड्यांमध्ये हलवली. रोप नेहमी पानाला धरायचं, खोडाला नाही, पान फाटलं तर दुसरं येतं, खोड दबलं की संपलं.

टोमॅटोसारखं खोल गाडायचं नाही हे लक्षात ठेवलं, टोमॅटोला गाडलेल्या खोडावर भराभर मुळं फुटतात, मिरचीला तशी फुटत नाहीत, म्हणून दलांच्या जरा खालपर्यंतच माती.

अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. ते म्हणाले, ‘‘पाच आठवडे झाले ना गं? आमच्याकडे एवढ्यात रोप शेतात जातं.’’ बरोबरच आहे, तिकडे ९८ कपांच्या प्रो-ट्रेमध्ये कोकोपीटवर ३५-४० दिवसांत रोप लागवडीला तयार होतं, माझं जूनमध्ये जाणार म्हणजे ११० दिवस. मग विचारलं मुळ्या कशा आहेत, मी एक कुंडी उलटी करून दाखवली, चार पांढरी मुळं कडेने फिरत होती. ‘‘पांढऱ्या आहेत ना, मग घाई करू नको, मुळी बघ, पानं नंतर बघ’’ एवढंच म्हणाले.

७ एप्रिल

मुळी बघ हे वाक्य तीन आठवडे डोक्यात होतं आणि आज त्याचा अर्थ लागला असं वाटतंय.

गेल्या दहा दिवसात रोपं थांबलीच. नवीन पान येईना, खालची पानं फिकट, खोडावर जांभळट झाक. आधी वाटलं खत कमी पडतंय म्हणून दोनदा पातळ खत दिलं, काही फरक नाही. मग थर्मामीटर काढला. खोलीतली हवा १९, आणि कुंडीतली माती १३. सहा अंशांचा फरक! कुंड्या खिडकीच्या दगडी कट्ट्यावर आहेत आणि या जुन्या इमारतींच्या भिंती म्हणजे हातभर जाडीचा दगड, त्याला मार्च-एप्रिलमध्ये हात लावला तरी गार लागतो. पानं लाईटखाली मजेत आणि पाय बर्फात असं चाललं होतं. माती थंड असली की मुळं फॉस्फरस उचलत नाहीत, खत कितीही असू दे, आणि जांभळट झाक ही त्याचीच खूण.

मासळीच्या दुकानातून थर्माकोलची रिकामी पेटी मागून आणली, तिचं झाकण कट्ट्यावर टाकलं आणि वर कुंड्या. रात्री पडदा कुंड्यांच्या मागे म्हणजे काचेच्या बाजूला. पाणी पण नळाचं थेट नाही, आदल्या रात्री भरून ठेवलेलं.

मावा पण आलाय, शेंड्याच्या पानांच्या मागे. अंगठ्याने पुसून काढला आणि साबणाचं पातळ पाणी फवारलं. रोज एकदा पानं उलटून बघायची, बस.

१४ एप्रिल

माती आता १८. सहा रोपांना नवीन पान. एका थर्माकोलच्या तुकड्याने जे झालं ते दोन वेळच्या खताने झालं नव्हतं.

२८ एप्रिल

दोन लिटरच्या कुंड्यांमध्ये हलवली. प्रत्येक जातीतलं एकेक रोप आजोबांना दिलं, ग्रीनहाऊसच्या बदल्यात एवढं तरी. माझ्याकडे ९: जिप्सी ४, कॅलिफोर्निया ३, रेडस्किन २.

जिप्सीचं खोड आता दुभंगलंय, इंग्रजी वायसारखं, आणि बरोबर त्या बेचक्यात पहिली कळी. ही कळी ठेवायची की खुडायची यावर खूप मतं आहेत. अण्णा खुडतात. तिथेच पहिलं फळ धरलं तर झाड सगळी ताकद त्याला देतं आणि वरच्या फांद्या खुरटतात. पण त्यांच्याकडे हंगाम सात-आठ महिन्यांचा, माझ्याकडे जेमतेम चार. तरी मी खुडली, कारण आत्ता एप्रिलमध्ये धरलेलं फळ खिडकीत वाढवून झाड लहान ठेवण्यापेक्षा जूनपर्यंत अंग धरू दे. एका जिप्सीची मात्र मुद्दाम ठेवली, बघू काय होतं.

१८ मे

बाहेरच्या हवेची सवय लावणं सुरू. पहिल्या दिवशी दोन तास सावलीत, मग रोज तासभर वाढवायचं.

परवा मात्र हार आला. हार म्हणजे इथलं समुद्रावरून येणारं धुकं, वसंतात आणि उन्हाळ्यात उत्तर समुद्राच्या थंड पाण्यावर उबदार हवा आली की तयार होतं आणि पूर्वेच्या वाऱ्याबरोबर शहरात शिरतं. सकाळी लख्ख ऊन होतं म्हणून रोपं बाहेर ठेवून कामाला गेले, दुपारी खिडकीतून बघते तर समोरच्या इमारतीचं धुराडं दिसत नाही, तापमान १७ वरून ९ वर. धावत आले. तीन रोपांची पानं वाऱ्याने घासून चिरली होती, एक फांदी मोडली, ती टेपने बांधलीये. यापुढे हवामानाच्या अंदाजात फक्त तापमान बघायचं नाही, वारा पूर्वेचा आहे का ते आधी.

ग्रीनहाऊसमधला किमान-कमाल थर्मामीटर रात्री ६ दाखवतोय. अजून नाही.

२ जून

लावली. दहा लिटरच्या काळ्या कुंड्या, काळा रंग उन्हात माती तापवतो म्हणून. ग्रीनहाऊसच्या मागच्या भिंतीला पाण्याच्या भरलेल्या बाटल्या रचल्यात, दिवसा तापतात आणि रात्री हळूहळू ऊब सोडतात. कुंड्यांखाली अर्थातच थर्माकोल. गार रात्र असेल तर वरून फ्लीस, म्हणजे झाडांवर पांघरायचं पातळ कापड.

नऊपैकी सात रोपांवर कळ्या आहेत! फेब्रुवारीतला हिशोब इथपर्यंत तरी जमला.

२२ जून

दिवस साडेसतरा तासांचा, रात्री अकराला पण आकाशात उजेड, आणि फुलं गळतायत.

पाच दिवस सलग हार. रात्री ग्रीनहाऊसमध्ये ९-१०. सकाळी दार उघडलं की कुंडीत पिवळ्या देठाची आख्खी फुलं पडलेली, काल २३ मोजली. रात्र १२-१३ च्या खाली गेली की पराग नीट तयार होत नाही, फुलाला फळ धरता येत नाही आणि झाड ते टाकून देतं.

अण्णांना सांगितलं तर ते जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘‘आमची एप्रिलमध्ये उन्हाने गळतात, तुझी जूनमध्ये थंडीने. मी वरून सावली धरतो, तू खालून ऊब दे.’’ त्यांचं शेडनेट ५० टक्के ऊन अडवणारं, ३५ अंशांच्या वर गेलं की फॉगर म्हणजे धुक्यासारखं पाणी फवारणारे नळ चालू करतात. एकाच झाडासाठी बापलेक दोन टोकांना उभे आहोत.

आजपासून: दुपारी चारलाच दार आणि वरची झडप बंद करायची म्हणजे तापलेली हवा रात्रीसाठी आत राहील, फ्लीस रोज, आणि दोन जिप्सी परत घरात खिडकीशी. ऊन पडलं की दुपारी बारा-एकच्या सुमारास फुलांना टिचकी मारायची. भिंग घेऊन बघितलं, फूल पांढरं, खाली मान घातलेलं, आतले परागकोश आधी निळसर जांभळे आणि गुळगुळीत, मग दुपारी त्यांना उभी चीर पडते आणि पिठासारखा फिकट पराग बाहेर येतो. सकाळी टिचकी मारून उपयोग नाही, चीरच पडलेली नसते. मिरचीला परागासाठी दुसरं झाड लागत नाही, स्वतःचाच पराग स्वतःवर पडला की झालं, बाहेर वारा हे करतो, बंद ग्रीनहाऊसमध्ये बोट.

१४ जुलै

धरलीत! जिप्सी चौघींवर मिळून १६, रेडस्किन ७, कॅलिफोर्निया फक्त ४. घरात आणलेल्या दोन जिप्सींवर आधी धरली.

आणि ती बेचक्यातली कळी ठेवलेली जिप्सी, तिच्यावर एक मोठं फळ आहे आणि झाड बाकीच्यांच्या निम्मं. म्हणजे अण्णा बरोबर होते, चार महिन्यांच्या हंगामात पण.

टोमॅटोचं पोटॅशवालं खत आठवड्यातून एकदा, पाकिटावर सांगितलंय त्याच्या निम्म्या ताकदीचं.

२७ जुलै

तीन दिवस ग्लासगोला गेले, कुंड्या सुकल्या. परत आल्यावर कॅलिफोर्नियाच्या एका फळाच्या टोकाला तपकिरी, आत दबलेला, चामड्यासारखा डाग. कॅल्शियम मातीत असतं पण ते पाण्याबरोबरच वर जातं, पाणी थांबलं की फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. ते फळ काढून टाकलं, बाकीची वाचतील. रोज थोडं पाणी, एका दिवशी भरपूर आणि दोन दिवस काहीच नाही असं परत करायचं नाही.

११ ऑगस्ट

कॅलिफोर्नियाची दोन फळं पूर्ण वाढलीत, दाबली तर घट्ट, साल चकचकीत. हिरवीच काढली. ती लाल होईपर्यंत थांबले तर झाड पुढची धरणार नाही, आणि एवढ्या जाड सालीचं फळ इथे सप्टेंबरात लाल होईल याची खात्री नाही. एक सगळ्यात मोठं मात्र ठेवलं.

संध्याकाळी त्याच दोघींची पीठ पेरून भाजी. बेसन आधी कोरडं भाजून घेतलं, मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, मिरचीचे चौकोनी तुकडे झाकण न ठेवता परतले आणि मग पीठ भुरभुरून वर पाण्याचा हबका. आजोबांना वाटीभर दिली, त्यांनी वाटी घेऊन परत येऊन विचारलं की हे पिवळं काय आहे.

जिप्सीला हात लावायचा नाही. नवीन येणारी फुलं मात्र आजपासून सगळी खुडायची, त्यांना आता वेळ पुरणार नाही.

३० ऑगस्ट

घरातल्या एका जिप्सीच्या खांद्यावर केशरी झाक, आणि रेडस्किनच्या एका फळावर चॉकलेटी पट्टा. क्षणभर वाटलं सडतंय. नीट बघितलं तर साल टणक, वास काही नाही. हिरवं अजून गेलेलं नाही आणि खाली लाल तयार होतंय, दोन्ही एकावर एक असले की डोळ्याला चॉकलेटी दिसतं. रोज सकाळी पट्टा जरा रुंद झालेला असतो. ऑफिसला जायच्या आधी चहा घेऊन तिथेच उभी राहते.

२१ सप्टेंबर

पहिली पूर्ण लाल. रेडस्किन. ९४ ग्रॅम. देठ कात्रीने कापला, ओढला नाही, ओढलं की फांदी मोडते.

अण्णांना कॉल लावला, फोन टेबलावर ठेवून मधोमध कापून दाखवली. साल साधारण ५ मिलिमीटर, आत कोरडी, बी पांढरं. त्यांनी विचारलं चव कशी आहे. कच्चीच खाल्ली, गोड, खरंच गोड, आणि हिरवीचा तो कडसर वास अजिबात नाही. त्यांना म्हटलं तुम्ही असायला हवे होतात. म्हणाले, ‘‘बी आहे ना, मग पुढच्या वर्षी मला रोप दाखव.’’

१२ ऑक्टोबर

काल रात्री २ अंश. आज सगळं काढलं.

जिप्सी ४ झाडं: २७ फळं, त्यातली १९ लाल किंवा केशरी. रेडस्किन २ झाडं: ९, त्यातली ६ लाल. कॅलिफोर्निया ३ झाडं: ८, लाल फक्त १, आणि ती सुद्धा अर्धी रंगली होती तेव्हा काढून स्वयंपाकघरात ठेवली तेव्हा आठ दिवसांत पूर्ण झाली. ज्याने रंग धरायला सुरुवात केलीये ते घरात पिकतं, गडद हिरवं काढलेलं पिकत नाही, दोन्ही शेजारी ठेवून बघितलं.

झाडं उपटताना मुळं बघितली. ग्रीनहाऊसमधल्या कुंड्यांत काचेच्या बाजूची मुळं विरळ आणि तपकिरी, आतल्या बाजूची दाट पांढरी. पुढच्या वर्षी कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पण बबल-रॅप गुंडाळायचं. पेरणी ३ फेब्रुवारीला, एक आठवडा आधी. कॅलिफोर्नियाचं एकच झाड, जिप्सीची सहा.

जिप्सी आणि रेडस्किनचं बी ठेवून उपयोग नाही, संकरित आहे, पुढे तशीच येतील असं नाही. पण कॅलिफोर्निया सरळ वाण आहे आणि ती एक लाल झालेली, तिच्यातून ८३ बिया निघाल्या. शेजारीच जिप्सी फुलत होती तेव्हा एखादी मिसळलेली निघेलही. बशीत पसरून फ्रिजच्या वर ठेवल्यात, दोन आठवड्यांनी वाकवून बघायचं, मोडली तर सुकली. त्यातल्या २० कागदाच्या पुडीत घालून जानेवारीत गावी नेता येतील का ते विचारून ठेवायचंय, बी नेण्याचे नियम आधी बघायला हवेत. नाहीच नेता आल्या तर इथेच लावेन आणि अण्णांना फोनवर दाखवेन, मुळ्यांसकट.